आधी कण ठरव, मग गुणाकार कर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ९ ग्रॅम पाण्यात कण किती? पुस्तकात उत्तर ३.०११ × १०²³ दिलंय, क्लासच्या नोट्समध्ये ९.०३३ × १०²³ आहे आणि मित्राचं उत्तर आलंय ६.०२२ × १०²³. यातलं बरोबर कोणाचं? कुठे गुणायचं आणि कुठे भागायचं हे पाठ करूनही गोंधळ का होतो? आणि एवढे कण मुळात मोजले कोणी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तिघांचंही बरोबर आहे. पुस्तकाने रेणू मोजले, नोट्सनी अणू मोजले आणि मित्राने नुसते हायड्रोजनचे अणू मोजले. हवं तर मी चौथं उत्तर देतो, ३.०११ × १०²⁴. हे इलेक्ट्रॉन झाले. तेही बरोबर. चूक उत्तरांत नाही, प्रश्नात आहे. ‘कण किती’ असं विचारून भागत नाही. ‘कोणते कण’ हे आधी सांगावं लागतं.

औषधांच्या कच्च्या मालाच्या कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली आणि आता अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. दोन्हीकडे एकच गोष्ट पाहत आलोय. मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कणांचा एक गठ्ठा. या मोलच्या गणितात आकडेमोड फारशी कोणाची चुकत नाही. चुकतं ते त्याआधीचं, म्हणजे नेमकं काय मोजतोय हे न लिहिता थेट ६.०२२ ला हात घालणं. म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे: गणिताची पहिली ओळ मराठीत हवी. ‘मी पाण्याचे रेणू मोजतोय’ किंवा ‘मी क्लोराइड आयन मोजतोय’. ही ओळ नसेल तर पुढचं मी तपासतच नाही.

आता कण वजन करूनच का मोजायचे, ते बघू. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू किलोवर मिळतात, पण सुताराचा हिशोब नगावर चालतो, बिजागरीमागे सहा. शंभर स्क्रूंचं वजन एकदा कळलं की गोणीतले स्क्रू मोजत बसावं लागत नाही, तराजू पुरतो. मात्र अर्धा इंची स्क्रूंच्या किलोत जेवढे नग येतात तेवढे दोन इंची स्क्रूंच्या किलोत येत नाहीत. रसायनात नेमकं हेच होतं. तराजूला ग्रॅम कळतात, पण अभिक्रिया होते ती नगांच्या हिशोबाने. हायड्रोजनचे २ रेणू ऑक्सिजनच्या १ रेणूशी जुळून पाण्याचे २ रेणू होतात. वजनात बघितलं तर ४ ग्रॅमला ३२ ग्रॅम, म्हणजे १ ला ८. वजनाचं प्रमाण १:८ आणि नगांचं २:१. या दोन हिशोबांची सांगड घालायलाच मोल लागतो.

१ मोल म्हणजे ६.०२२१४०७६ × १०²³ नग. एवढंच. मोल हे वजन नाही, आकारमानही नाही. १ मोल पाणी १८ ग्रॅम भरतं, १ मोल सोनं सुमारे १९७ ग्रॅम आणि १ मोल साखर ३४२ ग्रॅम. वजनं वेगळी, नगसंख्या तीच. इयत्ता नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यात हे सगळं येऊन गेलेलं असतं, पण तिथे ‘रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल’ हे वाक्य इतकं घोटलं जातं की मुलं मोलला वजनाचंच एकक समजून बसतात. ते डोक्यातून काढून टाक.

मग गणिताची वाट अशी: ग्रॅमला मोलर वस्तुमानाने (१ मोल किती ग्रॅम भरतो त्या आकड्याने) भागलं की मोल मिळतात. मोलला ६.०२२ × १०²³ ने गुणलं की तू पहिल्या ओळीत लिहिलेल्या कणांची संख्या मिळते. त्या एका कणात आणखी काही मोजायचं असेल तर एका कणात ते किती आहेत त्या आकड्याने शेवटी गुणायचं. ९ ग्रॅम पाणी भागिले १८, म्हणजे ०.५ मोल. रेणू ३.०११ × १०²³. एका रेणूत ३ अणू, म्हणून अणू ९.०३३ × १०²³. हायड्रोजन दोन, म्हणून ६.०२२ × १०²³. इलेक्ट्रॉन दहा (ऑक्सिजनचे ८ आणि हायड्रोजनचे २), म्हणून ३.०११ × १०²⁴.

गुणायचं की भागायचं हे पाठ करायची गरज नाही. एककं लिहीत गेलास की ती आपोआप सांगतात: ग्रॅम भागिले ‘ग्रॅम प्रति मोल’, उरतात मोल. तरीही शंका आलीच तर उत्तराचा आकार बघ. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान १८ भागिले ६.०२२ × १०²³, म्हणजे सुमारे २.९९ × १०⁻²³ ग्रॅम. घातात उणे २३ आलं तर ते एका कणाचं वजन असू शकतं, कणांची संख्या कधीच नाही. एकापेक्षा कमी रेणू भांड्यात असू शकत नाहीत. दरवर्षी पेपरात कोणीतरी ‘रेणूंची संख्या = ८.३ × १०⁻²⁵’ असं लिहून खाली दोन रेघा मारून मोकळं होतं.

हे कागदावर ठीक आहे, पण प्रॅक्टिकलमध्ये याची खरी परीक्षा होते. तुमच्याकडे ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन (एका द्रावणात दुसरं मोजून सोडत दोघांचा हिशोब जुळवणं) असतं, तेच घेऊ.

वॉच ग्लासवर ०.६३० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक तोलले. बाटलीच्या लेबलवर मोलर वस्तुमान १२६.०७ लिहिलेलं असतं. भागाकार केला तर ०.००५ मोल. हे १०० मिलिलिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घालून खुणेपर्यंत पाणी भरलं, की द्रावण ०.०५ मोलर झालं, म्हणजे लिटरला ०.०५ मोल. पिपेटने यातलं १० मिलिलिटर शंकुपात्रात घेतलं. त्यात ०.०००५ मोल आम्ल आहे, म्हणजे ३.०११ × १०²⁰ रेणू. प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन आयन देऊ शकतो, म्हणजे देता येण्याजोगे हायड्रोजन आयन ६.०२२ × १०²⁰. एवढेच हायड्रॉक्साइड आयन ब्युरेटमधून (सोडियम हायड्रॉक्साइड भरलेल्या, तोटीच्या मोजनळीतून) खाली आले पाहिजेत. ब्युरेटमधलं द्रावण बरोबर ०.१ मोलर असेल तर १० मिलिलिटरला शंकुपात्रात घातलेला दर्शक, फिनॉल्फ्थॅलीन, गुलाबी होतो.

आता शेवटच्या थेंबाकडे नीट बघ. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. त्यात ०.१ मोलर द्रावणाच्या हिशोबाने ५ × १०⁻⁶ मोल, म्हणजे ३ × १०¹⁸ हायड्रॉक्साइड आयन. रंगहीन द्रावण ज्या एका थेंबाने गुलाबी होतं त्या थेंबात हे एवढे नग असतात. चार दशांश स्थळं दाखवणाऱ्या तराजूवर शेवटचा अंक एकने इकडेतिकडे झाला तर ऑक्झॅलिक आम्लाचे जवळपास ५ × १०¹⁷ रेणू वाढलेले किंवा घटलेले असतात. आपण एकेक नग मोजत नसतो, मोजायची गरजही नसते. पण कोणत्या पायरीवर किती नगांची गफलत चालते हे सांगता आलं पाहिजे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याची अक्कल इथेच कळते.

याच प्रयोगात दोन सापळे आहेत. पहिला: ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. १२६ हा आकडा ते पाणी धरून आहे. पुस्तकातलं सूत्र बघून कोणी ९० ने भागलं, तर ०.६३० ग्रॅमचे ०.००७ मोल येतात, म्हणजे थेट ४० टक्के जास्त. टायट्रेशन कितीही नजाकतीने केलं तरी ही चूक भरून निघत नाही. दुसरा: सोडियम हायड्रॉक्साइड ४ ग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात विरघळवलं की ०.१ मोलर झालं, असं वाटतं. होत नाही. बाटली उघडल्यापासून त्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढायला लागतात. तराजूवर ४ ग्रॅम दिसतात, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड किती हे तराजूला कळत नाही. म्हणूनच ऑक्झॅलिक आम्लासारखा, हवेत न बदलणारा, शुद्ध मिळणारा पदार्थ तोलायचा आणि त्याच्यावरून सोडियम हायड्रॉक्साइडचे नग ठरवायचे. हेच काम कारखान्यात बहुतेक ठिकाणी पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने करतात (मोलर वस्तुमान २०४.२२). कारण तेच. शिवाय तिथे लेबलवरची शुद्धताही हिशोबात धरतात. ९९.५ टक्के लिहिलं असेल तर तोललेल्या वजनाला ०.९९५ ने गुणून मगच भागाकार.

स्फटिकातल्या पाण्याचा आणखी एक मासला सांगतो, कारण नाशिक-सांगलीकडची द्राक्षाच्या बागा असलेल्या घरांतली मुलं याला लगेच होकार देतात. बोर्डो मिश्रण. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना असं साधारण प्रमाण. बुरशी रोखायचं काम तांब्याचे आयन करतात, म्हणून मोजायचे ते तांब्याचे आयन. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटचे निळे स्फटिक, त्यात एका तांब्याच्या आयनामागे पाण्याचे पाच रेणू. मोलर वस्तुमान २४९.७. १००० ग्रॅम भागिले २४९.७, म्हणजे ४.००५ मोल, आणि तांब्याचे आयन २.४१ × १०²⁴. वजनात हे तांबं भरतं सुमारे २५५ ग्रॅम. आणि पाणी? ४.००५ × ५ म्हणजे २० मोल, सुमारे ३६० ग्रॅम. एक किलो मोरचूद आणला की त्यातलं तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. हाच निळा स्फटिक परीक्षानळीत तापवला की पांढरा पडतो, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब धरतात. त्या पांढऱ्या भुकटीचं मोलर वस्तुमान १५९.६. तीच १ किलो घेतली तर तांब्याचे आयन ६.२७ मोल झाले, म्हणजे दीडपटीहून जास्त. दोन्ही डब्यांवर ‘कॉपर सल्फेट’ असंच लिहिलेलं असू शकतं. लेबलवरचं मोलर वस्तुमान बघितल्याशिवाय डबा उचलायचा नाही, ही सवय आत्तापासून लाव.

मिठाचं थोडक्यात. मिठात रेणू नसतात. स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयन आलटून पालटून बसलेले असतात, त्यातली अमुक एक जोडी म्हणजे रेणू असं दाखवता येत नाही. म्हणून ५८.५ ग्रॅम मिठात १ मोल ‘सूत्र एककं’ आहेत असं म्हणायचं. आयन मोजायचे तर २ मोल. कॅल्शियम क्लोराइडच्या १११ ग्रॅममध्ये १ मोल सूत्र एककं, पण आयन ३ मोल (एक कॅल्शियम, दोन क्लोराइड). पुढे द्रावणांच्या धड्यात गोठणबिंदू किती उतरतो हे शिकशील, तिथे हे तीनचं प्रकरण परत येणार आहे. मूलद्रव्यांतही हीच खबरदारी. ‘१ मोल ऑक्सिजन’ हा अर्धवट शब्दप्रयोग आहे. ऑक्सिजनचे अणू असतील तर १६ ग्रॅम, रेणू असतील तर ३२ ग्रॅम, ओझोनचे रेणू असतील तर ४८. पांढऱ्या फॉस्फरसच्या रेणूत ४ अणू, नेहमीच्या पिवळ्या गंधकाच्या रेणूत ८. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

वायूंच्या बाबतीत मुलं २२.४ ला चिकटून बसतात. २२.४ लिटर हे ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला. १९८२ पासून प्रमाण दाब म्हणून १ बार धरायची शिफारस आहे, त्याने आकडा २२.७ होतो. एनसीईआरटीच्या पुस्तकात २२.७ दिसतो, जुन्या गाइडांत २२.४. दोन्ही आपापल्या दाबाला बरोबर आहेत. प्रश्नात दाब दिलेला असेल तो वापर. २५ अंशांच्या खोलीत १ बार दाबाला १ मोल वायू २४.८ लिटर जागा घेतो. आणि हे फक्त वायूंना लागू. ‘प्रमाण तापमान-दाबाला २२.४ लिटर पाण्यात किती रेणू’ असा खोडसाळ प्रश्न आला तर पाणी तिथे द्रव आहे हे विसरू नकोस. २२.४ लिटर पाणी म्हणजे साडेबावीस किलोच्या आसपास, सुमारे १२४० मोल.

घरच्या गॅस सिलिंडरचं गणित करून बघण्यासारखं आहे. त्यात १४.२ किलो एलपीजी असतो, पण तो एक पदार्थ नाही, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. सगळा ब्युटेन (५८) धरला तर २४५ मोल, सगळा प्रोपेन (४४) धरला तर ३२३ मोल. खरी संख्या या दोहोंच्या मध्ये, म्हणजे रेणू दीड ते दोन × १०²⁶ च्या दरम्यान. खोलीच्या तापमानाला तो पूर्ण मोकळा झाला तर सहा ते आठ घनमीटर जागा व्यापेल. मिश्रणाचा ‘एक मोल’ म्हणजे सरासरी असते. ती सरासरी कळल्याशिवाय नेमका आकडा सांगू नये, पण दोन टोकांमधली मर्यादा सांगता येते. तेवढीही पुष्कळदा पुरते.

मोल प्रयोगशाळेबाहेर कुठे भेटतो असं वर्गात कोणी विचारलं की मी रक्ततपासणीचा कागद काढायला सांगतो. आपल्याकडे साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येते. ज्यांचे काका-मावशी इंग्लंडमध्ये आहेत त्यांच्या रिपोर्टवर मिलिमोल प्रति लिटर असतं. इकडे १०० आणि तिकडे ५.६ ऐकून घरात घबराट होते. खरं तर दोन्ही एकच आहेत. १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला १ ग्रॅम. ग्लुकोजचं मोलर वस्तुमान १८०, म्हणून १ भागिले १८०, म्हणजे ५.५५ मिलिमोल. ग्लुकोजपुरता सोपा हिशोब: १८ ने भागायचं. उपाशीपोटीच्या साखरेत मधुमेहाची रेषा १२६ ला धरतात, ती तिकडे बरोबर ७ होते. पण हाच १८ कोलेस्टेरॉलला लावला तर गडबड. कोलेस्टेरॉलचा रेणू जड, ३८६.७, तिथे ३८.७ ने भागायचं, २०० चे ५.२ होतात. एकाच कागदावरच्या दोन ओळींना दोन वेगळे भाजक, कारण मोजलेले कण वेगळे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर अर्धा मायक्रोलिटर रक्त घेतलं आणि साखर १०० असली, तर त्या ठिपक्यात ग्लुकोजचे सुमारे १.७ × १०¹⁵ रेणू असतात. यंत्र त्या रेणूंमुळे होणारी अभिक्रिया विद्युतप्रवाहात मोजतं. शेवटी तिथेही नगच मोजले जातात.

नग मोजता आले की ‘काहीच उरलं नाही’ हेही सांगता येतं. एका थेंबाला ९९ थेंब पाणी, त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा ९९, असं बारा वेळा केलं की पदार्थ १०²⁴ पट विरळ होतो. सुरुवात अख्ख्या १ मोलने केली असली तरी तेवढ्याच घेतलेल्या द्रावणात सरासरी ०.६ रेणू उरतो. होमिओपॅथीच्या बाटलीवर ३०-सी लिहिलेलं असतं ते अशा तीस पायऱ्यांचं, म्हणजे १०⁶⁰ पट. पुढचं गणित तू कर. घरात कोणाला दाखवायचं की नाही हे तुझं तू ठरव.

आता शेवटचा प्रश्न, मला सगळ्यात आवडणारा: मोजले कोणी? ॲव्होगॅड्रोने नाही, हे आधी लिहून ठेव. तूरिनच्या या गृहस्थाने १८११ मध्ये एवढंच मांडलं की एकाच तापमानाला आणि दाबाला, समान आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या समान असते. किती, हे त्याला माहीत नव्हतं. १८५६ मध्ये तो वारला तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. पुढे १८६५ मध्ये व्हिएन्नाच्या लोश्मिटने हवेच्या रेणूच्या आकाराचा अंदाज बांधला, तिथून संख्येकडे जायचा रस्ता उघडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये जाँ पेरँने सूक्ष्मदर्शकाखाली पाण्यात तरंगणारे डिंकासारख्या राळेचे बारीक कण मोजले. वर कमी, खाली जास्त, असे ते कसे विखुरतात ते नोंदलं आणि त्यावरून ही संख्या काढली. या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव द्यावं असं १९०९ मध्ये त्यानेच सुचवलं. १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

दुसरा रस्ता विजेचा. १ मोल चांदी, म्हणजे १०७.८७ ग्रॅम, विद्युतविलेपनाने पातळ पत्र्यावर बसवायची तर ९६,४८५ कूलोम विद्युतप्रभार लागतो. प्रत्येक चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२ × १०⁻¹⁹ कूलोम आहे हे वेगळ्या प्रयोगांतून कळलं, की नुसता भागाकार: ६.०२२ × १०²³. हा भागाकार तू आत्ता कर.

पण नगच मोजल्याचं समाधान देणारा रस्ता सिलिकॉनचा आहे. सिलिकॉनच्या स्फटिकात अणू अगदी शिस्तीत बसतात. एक छोटा घन पुन्हा पुन्हा, त्याची बाजू ०.५४३१ नॅनोमीटर (क्ष-किरणांनी मोजलेली) आणि प्रत्येक घनाच्या वाट्याला ८ अणू. आता १ मोल सिलिकॉन घे, २८.०८५५ ग्रॅम. घनता २.३२९ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणून आकारमान १२.०५९ घनसेंटिमीटर, म्हणजेच १२.०५९ × १०²¹ घननॅनोमीटर. एका घनाचं आकारमान ०.५४३१ चा घन, ०.१६०२ घननॅनोमीटर. भागलं तर ७.५३ × १०²² घन. गुणिले ८, अणू ६.०२ × १०²³. मोजपट्टी, तराजू आणि क्ष-किरण, एवढ्याच भांडवलावर आलेला आकडा.

हेच काम जगातल्या मापनशास्त्राच्या प्रयोगशाळांनी टोकाच्या काटेकोरपणे केलं. जवळजवळ निव्वळ सिलिकॉन-२८ या एकाच समस्थानिकाचा (म्हणजे सगळे अणू सारख्याच वस्तुमानाचे) स्फटिक वाढवला, कारण समस्थानिकांची भेसळ असली की सरासरीचा घोळ येतो. त्यातून १ किलोचे, सुमारे ९४ मिलिमीटर व्यासाचे गोळे घासून तयार केले. जर्मनीच्या ब्राउनश्वाइग इथल्या राष्ट्रीय मापन संस्थेने त्यांचा व्यास, पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर आणि स्फटिकातले दोष सगळं मोजलं. शंकेची जागा १० कोटींत २ पर्यंत खाली आली. अशा मोजमापांच्या आधारावर नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायला वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून मोलची व्याख्याच बदलली. त्याआधी, १९७१ पासून, ‘१२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके नग’ ही व्याख्या होती. नग किती ते प्रयोगाने काढायचं. आता नगांची संख्या ठरलेली, आणि १ मोल कार्बन-१२ चं वजन किती ते प्रयोगाने काढायचं. ते अजूनही १२ ग्रॅमच भरतं, फरक असला तर आठव्या-नवव्या दशांश स्थळाच्या आसपास. तुझ्या गणितात त्याने काडीचाही फरक पडत नाही, पण जुन्या पुस्तकातली व्याख्या परीक्षेत लिहू नकोस. जुन्या पुस्तकांतला ६.०२३ सुद्धा सोडून दे, ६.०२२ लिही.

आणि बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही, लॉग टेबल मिळतं, म्हणून एक आकडा पाठच कर: ६.०२२ × १०²³ चा लॉग २३.७७९७. पोह्यांवर घालतोस त्या चमचाभर, ५ ग्रॅम साखरेतले रेणू काढायचे आहेत असं धर. ५ चा लॉग ०.६९९०, ३४२ चा २.५३४०. वजाबाकी उणे १.८३५०. त्यात २३.७७९७ मिळवले की २१.९४४७. ०.९४४७ चा अँटिलॉग ८.८०, म्हणून साखरेचे रेणू ८.८ × १०²¹. कार्बनचे अणू विचारले असतील तर गुणिले १२, हायड्रोजनचे विचारले असतील तर गुणिले २२, सगळे अणू विचारले असतील तर गुणिले ४५.